साईटवर कानांची हजेरी कशी लावायची: आवाज मोजा, दिवा लावा, मशीन हलवा

जेवणाच्या सुट्टीत ब्रेकर, म्हणजे दगड-काँक्रीट फोडायचं मशीन, बंद झाला की पाच मिनिटं नुसतं बसून ऐका कोण किती जोरात बोलतंय. ब्रेकरवाला दोन हातांवर बसलेल्या माणसाकडे चटणी मागतो ती पण ओरडून, फोन स्पीकरवर टाकून वर कानाला लावतो, आणि विचारलं की म्हणतो काही नाही हो साहेब, कानात जरा दडे बसलेत, रात्रीपर्यंत मोकळे होतील. होतात पण. काही वर्षं होतात. मग कधीतरी व्हायचे थांबतात आणि तेव्हा डॉक्टरकडे जाऊन फारसं काही हाती लागत नाही, कारण आतल्या कानात ज्या बारीक केसासारख्या पेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, ना गोळीने ना ऑपरेशनने.

मी पाथर्डी फाट्याकडच्या एका साईटवर सेफ्टी बघतो. आवाज मोजायचे बरेच उद्योग करून झाले, थोडे पैसे पाण्यात पण गेले, तर ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. साईट इंजिनियर, सुपरवायझर, छोटा ठेकेदार, कोणालाही जमेल असं आहे. नाशकात २०२७ च्या सिंहस्थाच्या घाईने रस्ते, पूल, घाट सगळीकडे फोडाफोडी चाललीय, बिल्डिंगांची कामं वेगळीच, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी थोडी माती काढली की खाली काळा पाषाण, म्हणजे ब्रेकरशिवाय पायाचं फूटिंग नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणारी पोरं वीस-बाविसाव्या वर्षी ब्रेकर धरतात, तिशीत त्यांचं काय होणार तो हिशोब कुठल्याच मस्टरवर नसतो.

तर आधी एक हिशोब डोक्यात बसवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. मी तो पोरांना हजेरीच्या भाषेत सांगतो, तसाच सांगतो. ८५ डेसिबलला कानाची पूर्ण दिवसाची हजेरी, म्हणजे ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला हजेरी निम्मी. ८८ ला हाफ डे, ४ तास. ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं आणि १०३ ला फक्त साडेसात मिनिटं, तेवढ्यात कानाचा दिवस भरला. नंतरचा सगळा ओव्हरटाईम, ज्याचे पैसे कोणी देत नाही. ३ डेसिबल ऐकायला काहीच वाटत नाही पण ऊर्जा दुप्पट होते, दोन सारखी मशीन शेजारी चालू केली की आकडा ९० चा १८० होत नाही, ९३ होतो, आणि ते ९३ फसवं असतं कारण कानाचा वेळ तेवढ्यात अर्धा झालेला असतो.

हा हिशोब नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेचा आहे. आपल्याकडे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली १९९८ ला केंद्राचे जे नियम आले त्यांच्या तक्त्यात ८ तासांना ९० डेसिबल आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला त्या तक्त्यात २ तास बसतात आणि नायॉशच्या हिशोबात १५ मिनिटं. फरक बघा. कागदासाठी ९०-५ चा हिशोब ठेवा, कानासाठी ८५-३ चा. मी दोन्ही काढतो पण दिवा ८५ वाल्यावर लावतो. आणि तो ५५ डेसिबलचा जो आकडा सगळ्यांना पाठ असतो, तो रहिवासी भागात दिवसा बाहेर किती आवाज असावा त्याचा आहे, रात्री १० नंतर ४५. तो शेजाऱ्यांच्या तक्रारीचा मामला, कामगाराच्या कानाशी त्याचा संबंध नाही, हे दोन मिसळू नका.

आता पहिलं काम, काही विकत घ्यायच्या आधी साईटवर फिरायचं. समोरचा माणूस हाताच्या अंतरावर आहे आणि त्याच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतोय म्हणजे तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात, एवढी ओळख पुरते. साईटचा प्लॅन प्रिंट काढा, जिथे ओरडावं लागतं तिथे लाल पेनाने गोल मारा, बाजूला मशीन आणि माणसं किती ते लिहा. आमच्याकडे सगळ्यात मोठा गोल आला तो मला वाटलेल्या ठिकाणी आलाच नाही. मी खड्ड्यातल्या ब्रेकरला धरून बसलेलो, आणि खरा राडा निघाला सातव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, जिथे एक जण छोट्या हॅमर ड्रिलने प्लास्टर फोडत होता. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण पाच बाय सातच्या कोऱ्या भिंतींच्या खोलीत आवाजाला जायला जागाच नाही, भिंती त्याला परत परत आणून कानात ओततात. मशीन लहान असलं तरी खोली मोठं नुकसान करते.

फिरताना फोनचं ॲप वापरा, चालेल. आयफोनवर नायॉशचं फुकट ॲप आहे आणि ते बऱ्यापैकी नीट मोजतं. अँड्रॉइडला ते नाही, दुसरी ढीगभर आहेत पण फोनोफोनी माईक वेगळा, आणि तो माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला, मोठा आवाज आला की स्वतःच दाबून टाकतो, त्यामुळे ब्रेकरजवळ ८९ दाखवून मोकळा होतो. ही जागा जास्त का ती जास्त एवढंच त्याला विचारा, नक्की किती हे विचारू नका.

नक्की आकड्यासाठी क्लास २ चा साऊंड लेव्हल मीटर घ्या, आयईसी ६१६७२ लिहिलेला, आणि त्याच्यासोबत कॅलिब्रेटर. कॅलिब्रेटर म्हणजे माईकवर टोपीसारखा बसणारा डबा, तो ९४ डेसिबलचा १००० हर्ट्झचा सूर देतो, मीटरने पण ९४ च दाखवायला हवं. हे रोज सकाळी करायचं. लोक मीटर घेतात आणि कॅलिब्रेटरचे पैसे वाचवतात, मग वर्षभराने मीटर काय दाखवतोय ते देवालाच माहीत. मीटरवर ए वेटिंग (माणसाच्या कानासारखं मोजायची सेटिंग) आणि स्लो ठेवा, सरासरी बघायची म्हणजे लेक (Leq), आणि सेंट्रिंगच्या प्लेटा आपटण्यासारखे दणके असतील तर सी पीक, म्हणजे दणक्याचा सगळ्यात वरचा आकडा, वेगळं बघा, तिथे १४० च्या पुढे जायचं नाही.

पण मीटर एका जागेचा आवाज सांगतो आणि माणूस एका जागी नसतो. बिगारी अर्धा तास मिक्सरपाशी, मग लिफ्टपाशी, मग टाईल कटरवाल्याला हात देतो. त्याच्यासाठी डोसीमीटर. हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, खांद्यावर लावायचा, कानापासून वीतभर अंतराच्या आत, दिवसभर त्या माणसासोबत फिरतो आणि संध्याकाळी टक्के सांगतो. १०० टक्के म्हणजे हजेरी पूर्ण. चांगला डोसीमीटर महाग येतो, त्यामुळे भाड्याने किंवा तपासणी करणाऱ्या लॅबकडून चार-पाच दिवस घ्या, आणि प्रत्येक कामाच्या एकेका माणसाला लावा: ब्रेकरवाला, त्याचा हेल्पर, टाईलवाला, फिटर, प्लेटा काढणारा. चालू करायच्या आधी मेनूत जाऊन बघा, बरेचसे ९० आणि ५ वर सेट होऊन येतात. ८५, ३ आणि खालचा उंबरठा ८० करा. हे न बघता मी पहिला आख्खा आठवडा मोजला होता आणि रिपोर्ट इतके गोड आले की मालक पण खुश, मी पण खुश.

डोसीमीटर नसेल तर कागदावर पण होतं. टाईलवाल्याने कटर खरंच किती वेळ चालवला ते घड्याळ लावून बघा. समजा ९७ ला २० मिनिटं, परवानगी ३० ची, म्हणजे ६७ टक्के. बाकी ३ तास तो ८८ मध्ये होता, परवानगी ४ ची, म्हणजे ७५. बेरीज १४२. दुपारीच हजेरी भरून वर गेली, आणि बघणाऱ्याला वाटतं की कटर तर वीसच मिनिटं चालला.

आता ज्याला सगळे स्मार्ट म्हणतात ते. तयार सिस्टीम मिळतात, आवाज मोजून क्लाऊडवर टाकणाऱ्या, मोठ्या साईटला त्या घ्याव्यात. आमच्यासारख्या मधल्या साईटला मी स्वतःचे डबे बनवले, आयटीआय झालेला एक पोरगा सोबत होता. ईएसपी३२ चा बोर्ड (कोड चालवणारा छोटा कॉम्प्युटरच), आयएनएमपी४४१ नावाचा छोटा डिजिटल माईक, १८६५० च्या दोन सेल, चार्जिंग मॉड्यूल, एक लाल-पिवळा-हिरवा दिवा, आणि प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसीचा डबा. ईएसपी३२ साठी आवाज मोजायचे तयार कोड इंटरनेटवर फुकट मिळतात, फक्त त्यात ए वेटिंगचा फिल्टर आहे ना ते बघा, नाहीतर डीजे आणि डंपरच्या घुमण्यानेच आकडा चढत राहील. माईकच्या भोकावर स्पंजची टोपी, वारा लागला की तो माईकला आवाजच वाटतो, आणि पावसाळ्यात भोक खाली तोंड करून ठेवा.

हा डबा कॅलिब्रेटरमध्ये बसत नाही, तर क्लास २ च्या मीटरशेजारी धरा आणि तीन ठिकाणी तुलना करा, ऑफिसात, मिक्सरपाशी, कटरपाशी. जो फरक येईल तो कोडमध्ये टाका, दर महिन्याला परत करा कारण धूळ बसते. एक मर्यादा आहे, हा माईक १२० डेसिबलच्या पुढे हात टेकतो, म्हणून स्लॅबखाली प्लेटा काढताना जे ठाण ठाण आवाज होतात त्यांच्यासाठी याच्यावर विसंबू नका. तिथे न मोजता कानात प्लग घालायचे.

डबा लावायचा कुठे? कानाच्या उंचीला, भिंतीपासून मीटरभर तरी लांब, नाहीतर भिंतीवरून परत आलेला आवाज मिळून आकडा फुगतो. आम्ही जॅकला (स्लॅबला टेकू देणारा लोखंडी खांब) क्लॅम्प करून लावतो, काम पुढे सरकलं की जॅकसोबत डबा पण सरकतो. कायम एका खांबाला ठोकलेला डबा तीन दिवसांत बिनकामाचा होतो कारण आवाज तिथून निघून गेलेला असतो, आणि डबा आपला हिरवा.

नेटचं म्हणाल तर बेसमेंटला रेंज नसते, वरच्या मजल्यांवर वायफाय पोचत नाही. जमलं तर लोरा (लांबपर्यंत पोचणारा छोटा रेडिओ) लावा, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, नाहीतर सरळ मेमरी कार्डवर साठवा आणि शनिवारी काढा. फक्त एक पाळा, दिवा नेटवर अवलंबून ठेवू नका. आकडा क्लाऊडवर गेला, तिथून ॲपला आला, ॲपने मला सांगितलं, मी सातवा मजला चढलो, तोपर्यंत त्या पोराची १०० टक्के झालेली असते. दिवा डब्यावरच, डब्याच्याच डोक्याने, ब्रेकरवाल्याच्या नजरेसमोर. आणि दिवाच हं, भोंगा नको. आवाज जास्त झालाय हे सांगायला अजून एक भोंगा, हे पण करून बघणारे आहेत.

अलर्टच्या बाबतीत माझी जी फजिती झाली ती सांगतो. पहिल्या दिवशी ८५ च्या वर गेलं की ग्रुपवर मेसेज असं सेट केलेलं. फळी पडली, मेसेज. डंपरने हॉर्न मारला, मेसेज. जेवायच्या आधीच सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला, मुकादम तर बाहेरच पडला. आता असं आहे: डबा १५ मिनिटांची सरासरी काढतो, ती ८२ च्या पुढे गेली की पिवळा, ८५ ला लाल, आणि ९५ च्या वर १ मिनिट जरी राहिलं तरी लाल लुकलुकतो. मेसेज फक्त शेवटच्याला, तो पण फक्त मला आणि त्या मजल्याच्या सुपरवायझरला.

लाल लागला की काय करायचं हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर आठवड्यात दिवा म्हणजे दिवाळीची माळ. आमचा क्रम असा. आधी मशीन हलतं का बघा. कंप्रेसर किंवा जनरेटर माणसांपासून ५ मीटरवर असेल आणि उघड्यावर २० वर नेला तर १२ डेसिबल गेले, खर्च पाईपचा. मग माणसं हलतात का, हेल्पर ब्रेकरशेजारी नुसता उभा असतो, त्याला लांब उभा करा, मलबा उचलायच्या वेळी बोलवा. पिवळ्याला ब्रेकर दुसऱ्याच्या हातात. फोडायचं काम आणि गवंडीकाम एका मजल्यावर एका वेळी लावूच नका, हे प्लॅनिंगचं काम आहे आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं वाचतात, कारण एका ब्रेकरमागे आठ जण फुकटचे ऐकत असतात.

आणि फोडायलाच लागू नये याचा विचार करा ना. सळई कट अँड बेंड करून मागवा. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा) भिंतीत वायरिंगच्या खाचा हाताच्या अवजाराने पण निघतात, ग्राइंडर लागतच नाही. कटरला कमी आवाजाचं ब्लेड मिळतं. पोकलेनला ब्रेकर भाड्याने घेताना बंद पेटीवाला, सायलेन्स्ड मागा. पाषाण फोडायला भोकं पाडून आत फुगणारी क्रॅकिंग पावडर भरतात, ती रात्रीत गुपचूप दगड तडकवते, भोकं पाडायचा आवाज आहेच पण दिवसभराची ठकठक वाचते.

हे सगळं करून उरेल त्याला कानातले प्लग आणि मफ, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाट्या. इथे पाकिटावरच्या आकड्याने फसू नका. एनआरआर (किती डेसिबल कमी होतील त्याचा छापील आकडा) २९ लिहिलं म्हणून २९ कमी होत नाहीत. ७ वजा करा आणि निम्मे करा, २९ चे ११. म्हणजे १०३ चा ब्रेकर कानात अजून ९२ ने वाजतोय. प्लगवर मफ पण चढवला तर आणखी ५ च धरा, ८७, मग साधारण ५ तास काढता येतील. आणि प्लग मधेमधे काढला तर? ३० डेसिबल कमी करणारं भारी काहीतरी ८ तासांतला अर्धा तास काढून ठेवलं तर दिवसाचा फायदा १२ वर येतो. फोन घ्यायला लांब जा, तिथे काढा.

फोमचा प्लग घालायची रीत शिकवावीच लागते, नव्वद टक्के लोक बाटलीच्या बुचासारखा बाहेर अडकवतात (हा नव्वदचा आकडा माझा अंदाज, मीटरचा नाही). हात धुवा, सिमेंटचे हात कानात नको. प्लग बोटांत वळून बिडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि ३० सेकंद बोटाने धरून ठेवा, फुगू द्या. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज माठात बोलल्यासारखा येतो. समोरून बघून प्लग दिसत असेल तर तो बसलेला नाही. मफ घालणाऱ्यांचं वेगळं, खाली चष्म्याची काडी, गमछा किंवा मावशींचा डोक्यावरचा पदर आला की फट राहते आणि सगळा आवाज तिथून आत, अशांना प्लग द्या किंवा हेल्मेटला लागणारा मफ.

सुरगाण्याकडचे एक मामा आहेत आमच्याकडे, त्यांनी पहिल्याच दिवशी प्लग खिशात टाकले. मी म्हटलं मामा का हो. म्हणाले, "साहेब, हे घातलं की मुकादमाची हाक ऐकू येत नाही, वरून काही पडलं तर कोण सांगणार?" बरोबरच आहे की. जास्तीचं कान बंद करणं पण धोक्याचं, कानात ७५ ते ८० च्या आसपास आवाज पोचावा, ७० च्या खाली गेला तर माणूस एकटा पडतो, मागे येणारा डंपर पण ऐकू येत नाही. आम्ही हाताच्या पाच खुणा ठरवल्या, डंपरसोबत झेंडीवाला ठेवला, आणि त्या मामांना इलेक्ट्रॉनिक मफ घेतला, तो साधं बोलणं आत सोडतो आणि मोठा आवाज दाबतो. एकच घेतला, महाग आहे. आता तो मफ मिळावा म्हणून बाकीचे ब्रेकर मागतात, ही नवीनच कटकट.

डब्यांबद्दल पण शंका होती. पोरं डब्यापाशी आली की गप्प बसायची. त्यांना वाटलं साहेबांनी माईक लावलाय म्हणजे बोलणं ऐकतायत, पगाराची चर्चा रेकॉर्ड होतेय. मग एकदा सगळ्यांसमोर कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, नुसते आकडे, वेळ आणि डेसिबल. आवाज साठवूच नका, कोडमध्येच नाही ठेवायचा. आणि आकड्यांवरून कोणाची हजेरी कापायची नाही, एकदा जरी कापली तर दुसऱ्या दिवशी डब्यावर गमछा टाकलेला सापडेल.

शेवटचं काम, कान तपासणं. ऑडिओमेट्री कामावर घेतानाच करा आणि मग दरवर्षी. नाहीतर पाच वर्षांनी कान गेला तर कोणाच्या साईटवर गेला यावर नुसती भांडणं, आणि आवाजाने आलेला बहिरेपणा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून आहे, हे ठेकेदारांनी पण लक्षात ठेवावं. ग्राफमध्ये ३००० ते ६००० हर्ट्झच्या मधे, बहुतेकदा ४००० ला खड्डा दिसला की समजा आवाजाने सुरुवात केलीय, तेव्हा माणसाला बोलणं अजून नीट ऐकू येत असतं. पुढच्या वर्षी २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी १० डेसिबलने घसरली तर त्या माणसाचं काम बदला आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवा. बेसमेंटमध्ये थिनर मारणारे पेंटर पण या यादीत घ्या, टोल्युईनसारख्या द्रावणांनी कान आणखी लवकर जातो.

पहिली तपासणी सोमवारी सकाळी, शिफ्टच्या आधी ठेवा, कारण त्याच्या आधी निदान १४ तास कान शांत हवेत. आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने टाळा. आमच्या ब्रेकरवाल्या पोरांपैकी तिघं ढोल पथकात आहेत, रविवारी संध्याकाळी तालमीला जातात, त्यांचे सोमवारचे ग्राफ बघून मी साईटला शिव्या घालत होतो.